दुखणं एकाचं, फाईल सगळ्यांची

सरकारी नोकरीतल्या माणसाचं ऑपरेशन झालं की त्याची खरी परीक्षा डिस्चार्ज मिळाल्यावर सुरू होते. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं देयक तयार करायचं म्हणजे डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्यांची प्रमाणपत्रं असा चांगला बोटभर जाडीचा गठ्ठा होतो. तो आवक-जावकच्या टेबलावर पडतो, तिथून आस्थापनेच्या लिपिकाकडे, मग वरिष्ठांकडे, मग साहेबांकडे, पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात. एखादी त्रुटी निघाली की सगळ्या टेबलांना पुन्हा शिवत तो माघारी येतो. राज्य शासनाच्या 2005 च्या निर्णयात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. देयक त्या यादीत बसवायचं असतं, म्हणून आजाराचं नाव ठळक लिहावंच लागतं. पैसे हातात पडेपर्यंत महिने जातात. दुखणं मात्र आठवड्याभरात षट्कर्णी होतं. चहाच्या टपरीवर कोणीतरी आपुलकीने विचारतं, "आता बरं आहे ना? गाठ साधीच निघाली म्हणे!"

विचारणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतं, आणि या प्रश्नाची खरी अडचण इथेच आहे. कामाच्या ठिकाणी आजार फुटतो तो बहुतेक वेळा दुष्टाव्याने फुटत नाही. तो रीतसर, नियमानुसार, सहीशिक्क्यानिशी फुटतो. आणि याच व्यवस्थेत जी माहिती खुद्द कामगाराला मिळायला हवी, म्हणजे त्याच्या फुफ्फुसात किती धूळ साचली, रक्तात शिसं किती चढलं, ती मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. जे चारचौघांत जायला नको ते जातं आणि ज्याचं त्याला कळायला हवं ते कपाटात राहतं. आपल्याकडचे कायदे, निकाल आणि रोजचा व्यवहार एकत्र ठेवून पाहिला, तर या सगळ्या गोंधळाचं सार एवढंच दिसतं.

सुरुवात रजेच्या कागदापासून करू. डॉक्टरांसाठी 2002 साली जे आचारसंहितेचे विनियम झाले, त्यांत रुग्णाची गुपितं उघड करायला स्पष्ट मनाई आहे. अपवाद तीनच: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. साहेबांचा फोन हा अपवाद त्यात नाही. गंमत अशी, की याच विनियमांच्या परिशिष्टात रजेसाठीच्या प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे आणि त्या नमुन्यात 'अमुक आजाराने पीडित आहे' असं लिहायला रिकामी जागा सोडलेली आहे. केंद्राच्या 1972 च्या रजा नियमांतही प्रमाणपत्रात आजाराचं स्वरूप शक्य तितकं स्पष्ट असावं, अशीच अपेक्षा आहे. म्हणजे एका पानावर गुप्ततेची शपथ आणि दुसऱ्या पानावर आजाराच्या नावाचा रकाना. यातून डॉक्टरांनीच एक वाट काढली आहे. व्हायरल फीवर, अशक्तपणा, कंबरदुखी हे आपल्याकडचे सगळ्यात सोयीचे आजार. मूळव्याध असो, नैराश्य असो की गर्भपात, कागदावर बहुधा तापच येतो. या खोटेपणावर हसता येईल, पण तो रुग्णाला वाचवण्यासाठी असतो हेही खरं. वाईट एवढंच, की पुढे खरंच गंभीर काही निघालं तर हाच ताप त्याच्या अंगावर येतो, कारण आधीचं प्रमाणपत्र खोटं ठरतं.

बायकांच्या बाबतीत हा रकाना आणखी खोल शिरतो. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. हक्क मोलाचा आहे, पण त्यासाठी पुरावा जोडावा लागतो, आणि तो पुरावा जातो एचआरमधल्या बहुधा पंचविशीतल्या एखाद्या मुलाच्या इनबॉक्समध्ये. कितीतरी जणी म्हणून हा हक्कच वापरत नाहीत, साठवलेली अर्जित रजा खर्च करतात. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एलआयसीच्या विरोधात दिलेला निकाल या संदर्भात आजही वाचण्यासारखा आहे. महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये उमेदवार महिलेला पाळी नियमित येते का, दुखते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला होता का, असे प्रश्न होते. एका परिवीक्षाधीन महिलेने प्रसूतीची रजा घेतली, तेव्हा फॉर्ममधली पाळीची तारीख खोटी होती असा ठपका ठेवून तिला काढण्यात आलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि हे रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. त्यानंतर तीस वर्षांनी, 2021 च्या अखेरीस, स्टेट बँकेने तीन महिन्यांहून जास्त गरोदर असलेल्या उमेदवारांना 'तात्पुरत्या अपात्र' ठरवणारं परिपत्रक काढलं. ओरड झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये ते मागे घेतलं गेलं. रकाना निघाला होता, पण रकान्यामागची नजर गेली नव्हती.

एचआयव्हीने या प्रश्नाला आपल्या देशात पहिल्यांदा कायद्याचं रूप दिलं, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीत हंगामी कामगार म्हणून राबणारा एक माणूस. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून यादीतून त्याचं नाव कापलं गेलं. कामाला तो धडधाकट होता. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये निकाल दिला, की काम करायला समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही. निकालाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. न्यायालयाने त्याला नाव न सांगता दाद मागू दिली. कज्ज्याच्या कागदांवर तो आहे 'एमएक्स', कंपनी आहे 'झेडवाय'. स्वतःचं नाव जाहीर करावं लागलं असतं तर तो न्यायालयाची पायरी चढला असता का, हा प्रश्न न्यायमूर्तींनी ओळखला होता.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात उलटा वारा वाहिला. ईशान्येतल्या एका डॉक्टरने रक्तदान केलं, रुग्णालयाला रक्तात एचआयव्ही आढळला, बातमी बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आपल्या माणसांत राहणं अशक्य होऊन त्याने कोहिमा सोडलं आणि चेन्नई गाठली. न्यायालय म्हणालं, खासगीपणाचा हक्क आहे, पण अमर्याद नाही. होणाऱ्या पत्नीचा जीव त्याहून मोठा. लग्नापुरतं हे तर्कशुद्ध आहे. पण या निकालाचा आधार पुढे कुठल्याही साहेबाने 'इतरांची सुरक्षितता' म्हणून घ्यावा, इतकी त्याची भाषा सैल होती. शेवटी 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तेव्हा पायाचा प्रश्न मिटला.

त्याच वर्षी झालेला आणि सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा हा या विषयातला आपला सर्वांत नीट बांधलेला कायदा आहे. न्यायालयाच्या आदेशाखेरीज स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनेने त्या सुरक्षित ठेवायच्या. शंभर किंवा अधिक माणसं असतील तिथे तक्रार अधिकारी नेमायचा, रुग्णालयांत वीसच माणसं असली तरी. 'याच्यामुळे इतरांना धोका आहे' असं म्हणायचं तर ते स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी सांगायला हवं. हे सगळं एकाच विषाणूसाठी आहे. कर्करोग, अपस्मार, क्षयरोग, मधुमेह यांना असं कवच नाही. मानसिक आजारांसाठी 2017 चाच मानसिक आरोग्य कायदा आहे, पण त्याची गुप्तता मुख्यतः उपचार करणाऱ्यांना बांधते. तुम्ही विश्वासाने टीम लीडला सांगितलंत आणि त्याने ते वार्षिक मूल्यमापनात 'ताण सहन होत नाही' अशा शब्दांत उतरवलं, तर हा कायदा तिथे पोचत नाही.

आता विम्याकडे वळू, कारण पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईच्या अंधेरीत काम करणाऱ्या माणसाचा आजार फुटण्याचा खरा रस्ता तो आहे. कंपनी समूह आरोग्य विमा घेते. दावे हाताळणारी टीपीए कंपनी वेगळी, मधला ब्रोकर वेगळा. कॅशलेस मंजुरी अडकली की कर्मचारी घाबरून एचआरला मेल करतो. मेलमध्ये रुग्णालयाने दिलेला अंदाजपत्रकाचा कागद, त्यावर निदान, आणि 'सीसी'मध्ये मॅनेजर, कारण रजाही हवी असते. वर्षाअखेरीस हप्ता ठरवताना कोणत्या दाव्यांवर किती खर्च झाला याचा तक्ता कंपनीसमोर येतो. त्यात नाव नसलं तरी चाळीस माणसांच्या ऑफिसात डायलिसिसवर कोण आहे हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. रुग्ण कंपनीला जे सांगतो ते उपचाराच्या पैशांसाठी. कंपनी ते वाचते खर्चाच्या नजरेने. एवढा एक धागा तोडला, म्हणजे दाव्याचे कागद थेट विमा कंपनीकडे आणि एचआरकडे फक्त मंजूर-नामंजूर, तर खासगी क्षेत्रातला निम्मा बोभाटा थांबेल असं मला वाटतं.

डिजिटल कायद्याबद्दल बराच गाजावाजा आहे, म्हणून थोडं सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत शारीरिक-मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' माहितीचा दर्जा होता आणि ती गोळा करायला लेखी संमती लागत होती. ते नियम कंपन्यांना लागू, सरकारी कचेऱ्यांना नाहीत. 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 'संवेदनशील' असा वेगळा वर्गच उरला नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा बायोप्सीचा अहवाल एकाच तराजूत. शिवाय नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा या कायद्यात आहे, आणि ती किती ताणायची हे पुढे भांडणातूनच ठरेल. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे 2027 चा मे महिना. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, ही जमेची बाजू. पण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. सुरुवातीला सांगितलेला तो बोटभर जाडीचा कागदी गठ्ठा स्कॅन होत नाही तोवर या कायद्याच्या बाहेरच.

कोविडच्या काळात हे सगळं घाऊक प्रमाणात झालं. 1 मे 2020 च्या केंद्राच्या आदेशाने सरकारी आणि खासगी सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू ॲप सक्तीचं केलं. 17 मे रोजी भाषा मवाळ झाली. दरवाजावर ताप मोजणारा वॉचमन, व्हॉट्सॲप गटावर पडणारे पॉझिटिव्ह रिपोर्ट, सोसायटीत घरकामाच्या मावशींकडे मागितलेलं प्रमाणपत्र: आपण हे सगळं एका झपाट्यात स्वीकारलं. साथीत काही अंशी ते अपरिहार्य होतं. पण साथ सरल्यावर त्या याद्या कोणी पुसल्या, हे विचारायला कोणी गेलं नाही.

आता दुसरी दिशा, कामगाराला स्वतःलाच न मिळणाऱ्या माहितीची. कारखाना कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची वर्षातून एकदा तरी तपासणी आणि आरोग्याच्या नोंदी बंधनकारक केल्या, आणि त्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत असंही म्हटलं. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये सांगितलं, की कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपावी. कारण ॲस्बेस्टॉसचा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो, तेव्हा कंपनी बंद पडलेली असते आणि पुरावा नसतो. एमआयडीसीतल्या कुठल्याही ठेकेदाराच्या कामगाराला विचारा, तपासणीची गाडी आली, फुंकायला लावलं, रक्त घेतलं, अंगठा घेतला. रिपोर्ट? तो 'ऑफिसला गेला'. कामगार मात्र वर्षभराने 'अनफिट' म्हणून बाहेर पडतो आणि कशामुळे अनफिट हे त्याला गावाकडच्या डॉक्टरकडून कळतं.

हा प्रकार फक्त कंत्राटी कामगाराचा नाही. हवाई दलातला एक जवान 2002 मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या लष्करी रुग्णालयात रक्त चढवून घेतो, बारा वर्षांनी त्याला एचआयव्ही असल्याचं निदान होतं, आणि त्या रक्ताच्या कागदांसाठी त्यालाच आपल्या खात्याच्या मागे लागावं लागतं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सुमारे दीड कोटींची भरपाई दिली आणि अशा खटल्यांत ओळख झाकण्याची तरतूद न्यायालयांनीही पाळावी असं बजावलं. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी होईल असं सरकारने जाहीर केलं. चांगलीच गोष्ट आहे. फक्त साखरेचा आणि रक्तदाबाचा तो कागद पहिल्यांदा कोणाच्या हातात पडणार, एवढं कामगार संघटनांनी आत्ताच विचारून ठेवावं. नंतर विचारलं तर कंत्राट वाढवताना वय आणि साखर दोन्ही पाहिली जातील.

गुप्ततेच्या विरोधातलं सगळ्यात सबळ म्हणणं मात्र बाजूला सारता येत नाही, ते म्हणजे बोगस प्रमाणपत्रं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत 'विशेष संवर्ग भाग एक' नावाचा प्रकार आहे. पक्षाघात, हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा डायलिसिस, कर्करोग, दिव्यांगत्व असलेल्यांना बदलीत सवलत. याद्या लागतात, हरकती मागवल्या जातात आणि 'हा तर रोज क्रिकेट खेळतो' अशा तक्रारी येतात. काही खऱ्या निघतात, प्रमाणपत्रांची फेरतपासणी होते. पण त्याच यादीत खरोखर केमोथेरपी घेणाऱ्या बाईंचं नाव आणि कारण तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर फिरतं. 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, तेव्हाही सुक्याबरोबर ओलं जळालं. समाजमाध्यमांवर लोकांनी दिव्यांग कोट्यातल्या इतर अधिकाऱ्यांची नावं काढून त्यांचे हातपाय तपासायला घेतले. लबाडी पकडायची तर यादी चव्हाट्यावर मांडली पाहिजे, हे मला पटत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय मंडळाकडे बंद लखोट्यात फेरतपासणी करता येते, आणि यादीत 'विशेष संवर्ग, पडताळणी पूर्ण' एवढंच छापता येतं.

सत्तेतल्या माणसाची गोष्ट वेगळी. माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना 2006 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल महिन्याची कैद झाली आणि शिक्षेचा बराचसा काळ त्यांनी रुग्णालयात काढला, तेव्हा माहिती अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ते देण्याच्या बाजूने कौल दिला. ते बरोबरच होतं, कारण प्रश्न आजाराचा नव्हता, शिक्षा भोगली की नाही याचा होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय नोंदी, उपचार, डॉक्टरांची नावं ही सर्वसाधारणपणे व्यक्तिगत माहिती ठरवली, व्यापक जनहिताचा अपवाद ठेवून. आता डिजिटल कायद्याने माहिती अधिकाराच्या व्यक्तिगत माहितीविषयीच्या कलमातला जनहिताचा उल्लेखच काढून टाकला आहे. त्यामुळे लपायला जागा मिळेल ती बड्यांना. लिपिकाच्या टेबलावरचा गठ्ठा आहे तसाच उघडा राहील.

आणि जिथे फॉर्मच नाही, एचआर नाही, फाईल नाही, तिथे काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल फेडायची, एक दिवस काम बुडालं की मुकादम खाडा लावणार. पाळी, अंगावरून जाणं, गर्भाशयाची सूज हे सगळं मुकादमाला सांगूनच सुट्टी मागायची आणि तरी दंड भरायचा. तिथे गुप्तता ही चैन वाटेल, पण तसं नाही. शरीराची माहिती ज्याच्या हातात, त्याच्याच हातात मजुरी, हे जिथे एक होतं तिथे माणूस शेवटी शरीरच बदलून घेतो.

बाहेरच्या देशांतली उदाहरणं घ्यायची तर एकच घेण्यासारखं आहे. अमेरिकेच्या 1990 च्या दिव्यांग कायद्याने कर्मचाऱ्याचे वैद्यकीय कागद त्याच्या सेवापुस्तकापासून वेगळे, स्वतंत्र फाईलमध्ये ठेवणं बंधनकारक केलं. वरिष्ठाला कळतं ते एवढंच, की याला जड उचलायला देऊ नका किंवा तिला दर दोन तासांनी विश्रांती द्या. का, ते नाही. व्यवस्थेला लागणारी माहिती खरोखर तीनच गोष्टींची असते: माणूस कामाला योग्य आहे का, नसेल तर कधीपर्यंत, आणि कोणतं काम देऊ नये. निदान त्यात कुठेच लागत नाही. त्यासाठी संसदेत जावं लागत नाही, रजेच्या अर्जातला एक रकाना खोडावा लागतो आणि एक कपाट कुलूपबंद करावं लागतं.

तोवर वाचकांसाठी थोडं कामाचं. डॉक्टरांना 'वैद्यकीय कारणास्तव इतके दिवस विश्रांती आवश्यक' एवढंच लिहून देण्याची विनंती करता येते. कार्यालय त्याहून जास्त मागत असेल तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागा. पडताळणीसाठी फोन आला तर डॉक्टरांनी प्रमाणपत्र आपलंच आहे एवढंच सांगावं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. विम्याच्या मेलमधून मॅनेजरचं नाव काढा, रजेचा मेल वेगळा पाठवा. कारखान्यात तपासणी झाली असेल तर अहवालाची प्रत लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि आस्थापना शाखेत किंवा एचआरमध्ये बसणाऱ्यांना एकच विनंती: पुढच्या महिन्यात रजेचे नवे फॉर्म छापायला द्याल, तेव्हा 'आजाराचे स्वरूप' ही ओळ गाळून द्या.